सतरा नंबरचं शून्य

खालापूरजवळच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात हरेशदादा वीस वर्षं नेटवर्क सांभाळतो. माणूस कामाला चोख, पण सवयीचा गुलाम!

कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांच्या वायरी ज्या पेटीत येतात, तिला स्विच म्हणतात. यंत्रांना जाणारे हुकूम तिच्यातून पाकिटं होऊन धावतात. प्रत्येक वायरीच्या पोर्टावर, म्हणजे ती खोचायच्या जागेवर, दोन आकडे पडत राहतात: किती पाकिटं गेली आणि त्यांतली किती फाटकी निघाली. पहिला वाढला तर वाढू दे, काम चाललंय. दुसरा चढायला लागला की समजावं, वायर कुठंतरी दुखावलीय. हरेशला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण दर दसऱ्याला गडी काय करायचा, तर पेट्या फडक्यानं पुसायचा, झेंडूची माळ घालायचा आणि सगळे आकडे शून्यावर आणायचा. जुनं काही पुढच्या वर्षात न्यायचं नाही म्हणे. आधी वहीत उतरवून ठेवायचं? छे! त्याचा सगळा भरवसा डोक्यावर.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी वाळवणीचं यंत्र मधेच थांबलं आणि दिवसभराचा माल ओलाच राहून वाया गेला. यंत्रावर होता कळंबचा जगदीश. वाळवणी खात्याचे साहेब म्हणाले, ह्यानंच चुकीचं बटण दाबलं. जगदीश कळवळून सांगत होता, "मी हात बी लावला नाय!" यंत्र बंद करून ठेवलं आणि चौकशी सुट्टीनंतर ठरली.

दुसऱ्या दिवशी हरेश पूजेला आला. सतरा नंबरच्या पोर्टावर, म्हणजे त्याच यंत्राच्या वायरीवर, फाटक्या पाकिटांचा आकडा चाळीस हजारांपुढं गेलेला. बघून तो थबकला. पण मागं सगळे प्रसादाला खोळंबलेले. कुणीतरी ओरडलं, "आटपा की दादा!" आणि दादांनी आटपलं.

चौकशीत मॅनेजर मनाली मॅडमनी हरेशला विचारलं, "वायरीचा दोष होता का? आकडे काय म्हणतात?" जगदीशनं केवढ्या आशेनं त्याच्याकडं पाहिलं! खरं ते हरेशच्या ओठांवर आलंही होतं. पण मग पुसलं कुणी, हा प्रश्न लगेच उभा राहिला असता, आणि निवृत्तीला तीनच वर्षं उरलेली. तो म्हणाला, "सतरा नंबरला शून्य आहे, मॅडम." वर हे खोटंही नव्हतं. जगदीशला त्याच आठवड्यात काढून टाकलं.

नवा माणूस यंत्रावर आला आणि आठ दिवसांत सतराचा दुसरा आकडा पुन्हा चढला. हरेशनं मुकाट्यानं वायर बदलली. जुनी उंदरांनी कुरतडलेली होती. तिचा तुकडा पिशवीत टाकून तो रविवारी कळंबला गेला. आज सगळं सांगून मोकळं व्हायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

जगदीश एका रिसॉर्टच्या फाटकावर उभा होता, येणाऱ्या गाड्यांना सलाम ठोकत. हरेशला बघून त्याचा चेहरा उजळला. त्यानं स्वतःची खुर्ची पुढं केली आणि आतून चहा मागवला.

"बसा दादा. तुमी तरी आलात. बाकी कुणी वळख दाखवत नाय."

"जगदीश, त्या दिवशी मी..."

"जाऊ द्या हो. शून्य व्हतं, तुमी शून्य सांगितलं. आता मलापण वाटाया लागलंय, माझाच हात लागला असंल."

हरेशनं पिशवी पायानं खुर्चीखाली सरकवली आणि जगदीशनं पुढं केलेला चहा घेतला.