कांद्याची मान

मी अडतीस वर्षं महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं. कांद्याशी माझा संबंध भज्यांपुरता. तरीही एका उन्हाळ्यात विंचूरला, सासुरवाडीच्या शेतात उभा राहून, कांदा कसा साठवावा यावर मी तासभर बोललो. कोणी अडवलं नाही, म्हणजे सगळ्यांना पटलं, असं समजलो. पन्नास मुलं रोज मुकाट्याने ऐकत बसली की माणसाची अशीच समजूत होते.

मेहुण्याने त्या वर्षी कांदा साठवायला नवी चाळ बांधली होती. उन्हाळ कांदा काढून झाला होता आणि बायका पात कापायला बसल्या होत्या. प्रत्येक कांद्यावर त्या पातीचा बोटभर देठ, म्हणजे मान, ठेवत. मी म्हणालो, मानेत ओल असते, ओलीने सड लागते, तेव्हा मान पार उडवा. तर्क इतका स्वच्छ होता की मी स्वतःवरच खूश झालो.

माझी बायको याच मातीत वाढलेली. हातात विळा घेऊन त्या बायकांतच बसली होती. तिथूनच म्हणाली, "अहो, मान सुकली की कांद्याचं तोंड मिटतं. पार कापला तर तो उघडाच राहतो."

"तुला कुकरची शिटी का होते ते सांगता येईल का?" मी विचारलं. "मग आपला विळा चालव."

तिच्या भावासमोर, मजूर बायकांसमोर म्हणालो. कोणीतरी हसलं. ते माझ्या विनोदाला हसलं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मेहुणा क्षणभर बहिणीकडे पाहत राहिला आणि मग बायकांना म्हणाला, दाजी सांगतात तसं करा.

आषाढात चाळीला वास सुटला. वरचा कांदा बरा दिसायचा, पण हात घातला की बोटं आत जायची. मी पाहायला गेलो आणि मेहुण्याला सुनावलं, की तू शेवटपर्यंत पाणी देत राहिलास, म्हणून सडला. काढणीआधी पाणी तोडायचं असतं, हे मला त्यानेच शिकवलं होतं आणि त्याने ते वेळेवर तोडलंही होतं. तो सडके कांदे पाटीत भरत राहिला. पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, मेहुण्याने आळसाने पाणी तोडलं नाही, ही गोष्ट मी रंगवून सांगितली.

बायको त्यानंतर वाद घालेनाशी झाली. इंदिरानगरात फ्लॅट कितव्या मजल्यावर घ्यायचा, मुलीला कोणत्या शाखेला घालायचं, काहीही विचारा, उत्तर एकच: "तुम्ही म्हणाल तसं." आणि मी गाढव मित्रांना सांगायचो, आमच्या घरात मतभेदच नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मुलगी म्हणाली, फ्लॅट सोडा आणि पुण्याला आमच्याकडे राहायला या. आयुष्यात पहिल्यांदा मला काही सुचेना. बायको मेथी निवडत होती. तिला विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली आणि काड्या वेगळ्या करत राहिली. तिचं मत मुलीला फोनवर मिळतं, शेजारणीला जिन्यात मिळतं, भाजीवाल्याला तर न मागता मिळतं. मिळत नाही ते एकट्या मला. मला ते हवं होतं, आणि मागायला तोंड नव्हतं.

म्हणून या उन्हाळ्यात तिला घेऊन विंचूरला गेलो. पात कापणं चालूच होतं. सगळ्यांसमोर मेहुण्याला म्हणालो, त्या वर्षी मान पार कापायला लावली ती मी, चूक माझी होती.

"दाजी, ते तर आमाला तवाच कळलं व्हतं," तो म्हणाला. "बसा, चहा येतोय."

एवढंच. जी कबुली द्यायला मला इतकी वर्षं लागली, ती तिथल्या प्रत्येकाला तोंडपाठ होती.

परतताना गाडी हमरस्त्याला लागायच्या आत बायको म्हणाली, "मानेचं सांगितलंत. पाण्याचं राहिलं."

 खोटं कशाला सांगू, पाण्याचं मला आठवत होतं. मानेची चूक अज्ञानाची, ती कबूल करताना माणूस मोठाच दिसतो. पाण्याची गोष्ट हलकटपणाची होती, म्हणून ती मी गाळली होती.

"त्याला आळशी ठरवलंत तुम्ही, साऱ्या नातेवाइकांत," ती म्हणाली. "अर्धवट काम आहे हे."

मी गाडी वळवायला घेतली.

"थांबा," ती म्हणाली. "मागून ट्रॅक्टर येतोय."

मला आरशात काही दिसत नव्हतं. मी थांबलो.