गव्हाची दारू

माझा मोठा भाऊ नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला, अमेरिकेला गेला आणि केंटकी नावाच्या राज्यात नोकरीला लागला. पहिल्यांदा सुटीवर आला तेव्हा त्यानं सांगितलं, की तिकडे दोनच गोष्टी नावाजलेल्या, घोडे आणि दारू. घोडा काही विमानात घालून आणता येत नव्हता. म्हणून दर खेपेला वडिलांसाठी तीन बाटल्या आल्या.

तिन्ही बाटल्या एकाच कारखान्याच्या असत. तिकडची व्हिस्की मुख्यतः मक्याची. तिच्यात चवीला आणखी एक धान्य घालतात, जे आपल्याकडे कोणी पेरत नाही. हा कारखाना त्याऐवजी गहू घालायचा, त्यामुळे त्याची दारू म्हणे घशातून मऊ उतरायची. भाऊ हे जेवताना समजावून सांगत होता आणि आई वाढत होती. आमच्याकडे तेव्हा रोज ज्वारीची भाकर, पोळी पाहुण्यांना आणि सणाला. आई टोपली हातात धरून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "गव्हाची दारू करतेत? खायाच्या गव्हाची?"

हे वाक्य वडिलांना पुढं वर्षभर पुरलं. कोर्टात चहा पिताना, लग्नाच्या पंगतीत, घरी कोणी आलं की, ते आईचा आवाज काढून म्हणून दाखवत.

वडील दिवाणी वकील होते. उलटतपासणीत साक्षीदारावर ते कधी ओरडत नसत. हसत, हळू आवाजात, एकेक प्रश्न विचारत न्यायचे, आणि शेवटी तो माणूस स्वतःच्या बापाचं नाव सांगतानाही चाचरायचा. घरातही त्यांची हीच रीत होती. आईवर त्यांनी हात उगारल्याचं मला आठवत नाही. आई काटोलकडची, सातवी शिकलेली. ती "मले" म्हणाली, की ते तिला थांबवून तेच वाक्य शुद्ध करून पुन्हा म्हणायला लावायचे. परक्या माणसांसमोरही. मला पाहायला येणाऱ्या मुलांचीही ते अशीच तपासणी घेत. एकही मुलगा दुसऱ्यांदा आला नाही. मी मुलींच्या शाळेत शिकवू लागले, रात्री ट्युशन घेऊ लागले आणि घरीच राहिले.

शनिवारी संध्याकाळी धरमपेठेतल्या आमच्या व्हरांड्यात बैठक बसे. वडील, त्यांचे एक डॉक्टर मित्र आणि कापड गिरणीतले एक मॅनेजर. बाटल्या सागवानी कपाटात, आणि कपाटाची किल्ली वडिलांच्या करगोट्याला. तिन्ही बाटल्यांतून थोडी थोडी ओतून ते तुलना करत. सगळ्यात कोवळी होती तिला ते 'पोरगी' म्हणत. गोड, हलकी, दोन घोटांत विसरून जावी अशी. दुसरी जहाल, पाण्याशिवाय सोसवत नसे. ती 'बायको'. तिसरी बारा वर्षं लाकडी पिंपात राहिलेली, गडद, जुन्या कपाटासारख्या वासाची. ती 'राणीसाहेब'. ही नावं घेताना ते स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत. तिथं आई मटणाचा रस्सा ढवळत असायची.

मग तिला बाहेर बोलावलं जाई.

"या वकीलणबाई. घ्या वास. सांगा मंडळींना, कसला येतो?"

आई पदर सावरून पेल्यावर वाकायची. पहिल्यांदा ती म्हणाली, "औषधासारखा." तिघंही पोट धरून हसले. त्यानंतर हा दर शनिवारचा कार्यक्रम झाला. ती काहीही म्हणाली तरी हसायचंच, असं ठरलेलं होतं. एकदा तिनं खरोखर लक्ष देऊन हुंगलं आणि म्हणाली, "चिक्कीसारखा. शेंगदाण्याच्या." डॉक्टर म्हणाले, "अरे, बरोबर आहे की वहिनींचं." वडिलांनी पेला तिच्या नाकासमोरून काढून घेतला. "चूक," ते म्हणाले. "जिनं जन्मभर घासलेट हुंगलं तिला चिक्की कुठून कळणार? जा आत."

एका शनिवारी सकाळी संत्रा मार्केटला माल घेऊन आलेला काटोलचा एक शेतकरी आमच्याकडं आला. आईच्या भावाचा निरोप होता. भाऊ फार आजारी आहे, बहिणीला भेटायचं म्हणतो. आईनं पिशवी भरली. वडील म्हणाले, "आज बैठक आहे. मॅनेजरसाहेबांचे पाहुणे येणार आहेत मुंबईहून. उद्या सकाळच्या बसनं जा. एका दिवसात तो काही मरत नाही."

"मले आजच जाऊ द्या जी," आई म्हणाली.

"मला आजच जाऊ द्या," वडिलांनी वाक्य दुरुस्त केलं. "म्हण."

तिनं म्हटलं. तरी तिला जाऊ दिलं नाही. संध्याकाळी तिनं रस्सा केला, पोळ्या केल्या, आणि मुंबईच्या पाहुण्यांपुढं पेल्यावर वाकून वासही सांगितला. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत काटोलला गेले. आम्ही पोचलो तेव्हा माणसं घाटावरून परतत होती. आईची भावजय ओट्यावर बसली होती. ती आईला एवढंच म्हणाली, "आता काहून आल्या?"

परतताना बसमध्ये आई खिडकीबाहेर पाहत राहिली. रडली नाही. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "मग? होता का?" तिनं मान हलवली आणि भाकरीचं पीठ काढायला गेली.

ह्याला काही वर्षं झाली. मग एका दुपारी वडील कोर्टातून आले, बूट काढायला वाकले आणि तसेच आडवे झाले. उजवी बाजू गेली. वाचाही गेली. डॉक्टर मित्रच त्यांना बघत होते. ते म्हणाले, की यांना सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, फक्त बोलता यायचं नाही. गिळणंही कमजोर झालं होतं. पेज घट्ट करून चमच्यानं भरवायची. पातळ काही द्यायचं नाही, आणि दारूचा तर थेंबही नाही.

दिवसभरासाठी एक माणूस ठेवला, कन्हानचा, चाळिशीतला, आधी दवाखान्यात काम केलेला. तो वडिलांना उचलायचा, पुसायचा, कूस बदलायचा. त्यानंच पहिल्या आंघोळीला करगोटा कापून किल्ली आईच्या हातात दिली.

आईनं सेवेत काही कमी केलं नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. चादरीला कधी सुरकुती नव्हती. वडिलांच्या पाठीला एकही जखम झाली नाही. बघायला येणारे नातेवाईक बाहेर पडताना तिच्या पाया पडत.

पुढं एका संध्याकाळी मी शाळेतून उशिरा आले. दिवा लागला होता. आई वडिलांच्या पलंगाशी पाटावर बसली होती आणि तिच्या मांडीवर स्टीलची वाटी होती. खोलीत तो वास होता.

"आज पोरगी घेतली जी," ती वडिलांना सांगत होती. कित्येक वर्षांनी मी तिला त्यांच्यापुढं आपल्या बोलीत बोलताना ऐकलं. "पाकासारखा वास येते. बुडाले लागलेल्या पाकासारखा." तिनं वाटी तोंडाला लावली, घोट गिळला, पदरानं ओठ पुसले. "गोड हाय. पन पानचट हाय. तुमी उगाच डोक्यावर घेतली होती."

वडिलांचे डोळे वाटीवर होते. डावा हात चादरीवर सरकत सरकत पुढं आला. आईनं वाटी जरा मागं घेतली.

"आई, काय करतेस तू?"

"काहून वं? त्यायच्यापाशी बसून राहिली. एकटं वाटते त्याइले."

मग हे रोजचं झालं. भाऊ आधीच्या खेपेला आला तेव्हाच्या तीन बाटल्या कपाटात जवळजवळ भरलेल्या होत्या. ती एका वाटीत 'बायको' आणि दुसऱ्या वाटीत 'राणीसाहेब' घ्यायची आणि त्यांना फरक समजावून सांगायची, अगदी निवांत, शेजारणीला लोणच्याचं सांगावं तशी. जहाल होती तिच्यात गहू कळत नाही म्हणायची, नुसता चटका. जुनी होती तिचा वास पावसाळ्यात बंद राहिलेल्या ट्रंकेसारखा. वडील ऐकत. ऐकण्याखेरीज त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

मग तिनं त्यांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. वाटी त्यांच्या नाकाशी धरायची. "सांगा, कोनती? राणीसाहेब असन तं डोळे मिटा." वडिलांचा चेहरा त्या वेळी बदलायचा. कपाळाला आठी पडायची, नाकपुड्या हलायच्या, कोर्टात कागद वाचताना दिसायचे तसे ते दिसायचे. विचार करून ते डोळे मिटत.

"चूक," आई म्हणायची. "बायको हाय ही."

मी दारात उभी होते. मी बाटली पाहिली होती. ते बरोबर होते. त्यांचं नाक त्यांना कधी फसवत नसे, आणि ते एवढंच आता त्यांच्यापाशी उरलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बरोबर, पुन्हा "चूक." चारपाच संध्याकाळी असं झाल्यावर ते गोंधळले. वाटी समोर आली, की डोळे मिटायचे, उघडायचे, पुन्हा मिटायचे, आणि कोपऱ्यांतून पाणी वाहायला लागायचं. आई ते पदरानं हळूच टिपायची.

स्वयंपाकघरात मी तिला गाठलं. "आई, ते बरोबर सांगतात. तू त्यांना खोटं सांगतेस."

ती चुलीपुढून उठली नाही. "मी बी बरोबरच सांगत होती," ती म्हणाली.

एक दिवस डॉक्टर न सांगता संध्याकाळी लवकर आले. आई फाटकाचा आवाज ऐकून वाटी घेऊन आत गेली, पण वास राहिला. कन्हानचा माणूस नुकताच हातपाय धुऊन घरी जायला निघाला होता. डॉक्टरांनी खोलीत पाऊल टाकलं, श्वास घेतला आणि किल्ली लावलेलंच होतं ते कपाट उघडून बाटल्या पाहिल्या.

"कोण पितं इथं?" त्यांनी त्या माणसाची गचांडी धरली. "आजारी माणसाच्या उशाशी बसून पितोस?"

"मी नाही जी. मायले विचारा," तो म्हणाला.

आई दारात आली. डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं खाली पाहिलं. तो माणूस तिच्या तोंडाकडं बघत थांबला, मग त्यानं खुंटीवरचा सदरा काढला. डॉक्टरांनी त्याला फाटकापर्यंत ढकलत नेलं.

मी त्यांच्या मागं पळाले. रस्त्यावरच सांगितलं, की पिणारी आई आहे. रोज पिते, बाबांच्या समोर बसून. डॉक्टरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, थकली आहेस तू. अशा साध्वीबद्दल हे तोंडातून निघतंच कसं? रात्रीला झोपेची गोळी देतो, घे." आणि शहरातल्या ओळखीच्या सगळ्या दवाखान्यांत त्यांनी सांगून ठेवलं, की हा माणूस दारू चोरतो.

पुढच्या रविवारी मी बस पकडून कन्हानला गेले. तो कोळशाच्या ट्रकवर हमाली करत होता. पाटी खाली ठेवून आला. मी म्हटलं, मी डॉक्टरांना खरं सांगितलं होतं, पण त्यांनी ऐकलं नाही.

"तुमची माय उभी होती न तिथं, ताई," तो म्हणाला. "ते नाही बोलली. आता तुमी काहून सांगून राहिल्या?" त्यानं पाटी पुन्हा डोक्यावर घेतली. ट्रकवरून त्याला कोणी हाक मारत होतं.

त्याच्यानंतर दुसरा माणूस मिळाला नाही. आई आणि मी दोघीच वडिलांना उचलत होतो. आईची संध्याकाळची बैठक थांबली नाही. डॉक्टर आता येण्याआधी निरोप पाठवत, एवढाच फरक पडला. उन्हाळ्यात वडिलांना न्यूमोनिया झाला आणि ते गेले. शेवटच्या आठवड्यात वाटी नाकाशी आली तरी ते डोळे मिटत नसत. आई तरी विचारायची.

भाऊ तिसऱ्या दिवशी पोचला. तेरावं झाल्यावर त्यानं कपाट उघडलं. तिन्ही बाटल्यांच्या बुडाशी बोटभरच उरली होती. त्याचे डोळे भरून आले. "बरं झालं, बाबांना शेवटपर्यंत या मिळाल्या," तो म्हणाला. "तुम्ही द्यायचात ना थोडी थोडी?"

"रोज संध्याकाळी," आई म्हणाली.

तो परत गेला. मग एकदा आई मेथी निवडत होती तेव्हा मी विचारलं, "तुला त्यातली कोणती आवडायची?"

"मले?" तिनं तोंड वाकडं केलं. "एकही नाही. मळमळायचं मले. तू ट्युशनच्या पोरी घेऊन बसे तवा मोरीत जाऊन ओकत होती मी."

"रोज?"

"त्याइले दिसू देलं नाही कधी," आई म्हणाली, आणि निवडलेली मेथी परातीत टाकून तिनं दुसरी जुडी सोडली.