शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा

शेंगदाण्याचे लाडू पाहिले की आजही माझं डोकं फिरतं. घरात कुणी करत नाही, मी करू देत नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. आम्ही मिरजगावचे. थोरल्या बहिणीला, ताईला, शौचातून रक्त जायचं. आव समजून काढे पाजून झाले, बेंबी सरकली म्हणून पोट चोळून झालं. शेवटी नगरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं आतडं तपासलं आणि आईला समोर बसवून समजावलं. आतड्याला आतून नाजूक अस्तर असतं. ते राखणारी, फाटलं तर सांधणारी प्रथिनं शरीर स्वतःच बनवतं. हिची ती राखण कमी पडते, म्हणून सूज येते, जखमा होतात. ही प्रथिनं खाऊन मिळत नाहीत. सूज दाबायच्या गोळ्या घ्यायच्या आणि मनानं बंद करायच्या नाहीत.

डॉक्टरांनी एवढं सांगूनही आईनं त्यातलं उचललं काय?

"प्रोटीन कमी हाय म्हनला ना? मग आपल्याकडं शेंगदाने काय कमी हायत व्हय?"

ताईला रोज शेंगदाण्याचे लाडू सुरू झाले. ती गोळ्यांनी सावरली आणि श्रेय लाटलं लाडवांनी. मी भांडले, तर चार बुकं शिकून शहाणी झाली म्हणून मलाच बोलणी बसली.

मग ताईचं लग्न ठरलं. सासर देवळाली प्रवराकडचं, घराला लागून ऊस. आजाराविषयी तिकडे अवाक्षर काढायचं नाही, असं आईनं बजावलं. रीतीप्रमाणे पाठराखीण म्हणून नवरीसोबत मी गेले. सासरी बॅग उघडली, तर साड्यांच्या घडीखाली मी स्वतः ठेवलेल्या गोळ्या गायब. त्यांच्या जागी लाडवांचा डबा. लोकांना दिसायला नकोत म्हणून आईनं गोळ्या काढून घेतल्या होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"कुनाला सांगू नको, तुला माझी शपथ हाय," ताई म्हणाली.

सासू बिचारी मायेनं एकेक लाडू तिच्या हातावर ठेवायची. माहेरचा म्हणून ताई तो गिळायची आणि टमरेल घेऊन उसाकडे पळायची. पुन्हा आली की पुन्हा पळायची. घरातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. तिसऱ्या दिवशी सत्यनारायणाची तयारी चालली होती आणि ताई बांधावरच बसून राहिली. नव्या साडीला मागून रक्त लागलं होतं.

शपथ गेली चुलीत. सासूला मी सगळं सांगितलं, अगदी गोळ्यांसकट.

तिनं हातातलं पूजेचं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "आदी सांगायचं न्हाई का, पोरी? आमी काय तिला गोळ्या खाऊ दिल्या नसत्या?"

पूजा थांबवून दाजींनी टेम्पो काढला. नगरला ताईला रक्त चढवावं लागलं.

निरोप मिळताच आई आली. दवाखान्यात सासूला म्हणाली, "घाईगडबडीत गोळ्या ऱ्हायल्या बघा." माझ्या डोळ्याला डोळा मात्र भिडवला नाही.

ताईनं कशीबशी मान वळवली. "आता तरी आनल्यास का?"

आईनं पिशवीत हात घातला आणि लाडवांचा नवा डबा बाहेर काढला.