अंधाराची मागणी

कार्तिकातल्या संध्याकाळी आमच्या टेकडीला वाळत्या गवताचा आणि दिवसभर तापून निवत चाललेल्या काळ्या पाषाणाचा मंद गंध असतो. वेधशाळेचे सरकते पत्र्याचे छप्पर मागे ढकलले की त्यात वंगणाचा वास मिसळतो, आणि मग वर्गात हजेरी घ्यावी तसे तारे एकेक करून उपस्थित होऊ लागतात. नगरमधल्या आम्हा हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाने ही वेधशाळा इतक्या दूरच्या गावाबाहेर उभारली ती एकाच संपत्तीसाठी, इथल्या अंधारासाठी. देवयानीची दीर्घिका इथे नुसत्या डोळ्यांनी दिसे. फळ्यावर नीट न पुसल्या गेलेल्या खडूच्या डागासारखी.

टेकडीखालच्या रस्त्यावर दिवे लावण्याचा विषय ग्रामसभेपुढे आला, तेव्हा मंडळाने विरोध करण्यासाठी मला पाठवले. गावातल्या कित्येकांना इथल्या शाळेत मीच विज्ञान शिकवलेले. बाईंचा शब्द मोडणार नाहीत, असा सर्वांचा विश्वास. अनावश्यक प्रकाशाने आकाश कसे झाकोळते, हे मी पायरीपायरीने समजावले. सभेने ते आदराने ऐकले. मग मागून माझाच जुना विद्यार्थी बाळू म्हणाला, "बाई, जल्मभर आमाला उजेडाकडं न्यायला धडपडलात, आन् आता अंधार मागताय व्हय?"

सभा खळखळून हसली. मीही हसले. हसली नाही ती अलका. दिवेलागणीनंतर दुधाचे कॅन घेऊन ती त्याच रस्त्याने डेअरीवर जाते, आणि तिच्या जावेला त्याच रस्त्यावर साप चावला होता. "तुमाला अंधारात लई काय काय दिसतं, बाई," ती हळूच म्हणाली, "आमाला पायाखालचं जनावर दिसत न्हाई."

मी मागणी बदलली : दिवे लागावेत, मात्र त्यांना वरून टोप्या असाव्यात, म्हणजे उजेड रस्त्यावर पडेल, आभाळात सांडणार नाही. तसे दिवे लागले, तरीही उजेड थोडा सांडलाच. देवयानीचा तो डाग पुसला गेला, आणि मंडळातल्या काही स्नेह्यांनी माझ्याशी अबोला धरला.

माघातल्या एका संध्याकाळी डेअरीवरून परतताना अलका आणि तिच्या सोबतिणी रिकामे कॅन पायथ्याशी ठेवून टेकडी चढून आल्या. वेधशाळा गावाला पहिल्यापासून खुली होती. बायका येत नाहीत याचे कारण मी त्यांच्या कामाच्या रगाड्यात शोधत असे, रस्त्यात कधी शोधले नव्हते.

मृगातल्या तेजोमेघावर मी दुर्बीण स्थिर केली. "काय बी दिसंना की," अलका पुटपुटली, आणि मग एकाएकी गप्प झाली.

"अगं सरक की! तिथंच बिऱ्हाड करतीस का?" मागची म्हणाली.

अलका हलली नाही. त्या मेघात नवे तारे जन्म घेतात, हे सांगण्यासाठी माझे ओठ विलगले होते. पण खालच्या दिव्यांचा उजेड डोळ्यांत येऊ नये म्हणून तिने, कोणी न शिकवता, दोन्ही तळव्यांचा आडोसा केला होता, आणि तिने स्वतःपुरत्या करून घेतलेल्या त्या ओंजळभर अंधारापुढे मी बोलले नाही.