बदलीचा माणूस

माझं अक्षर चांगलं आहे आणि जीभ त्याहून चांगली, असं मला चोविसाव्या वर्षी पक्कं वाटत होतं. अक्षराबद्दल अजूनही तसंच वाटतं. जिभेबद्दल आता लिहिते.

सावर्ड्यापासून आत, पाऊण तासाच्या चालीवर आमचं गाव. तिथल्याच हायस्कुलात मी मराठी शिकवत होते. मुंबईला नोकरी करणाऱ्या भावानं एका गणपतीला येताना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला आणि दर रविवारी सकाळी आमची पडवी आमची राहिली नाही. त्या वेळी एक मराठी मालिका लागायची. एक डिटेक्टिव्ह, त्याचा एक मदतनीस आणि दर आठवड्याला एक नवीन भानगड. डिटेक्टिव्ह देखणा होता, हुशार होता, आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणी फारसं बघत नसे. सगळ्यांचा जीव मदतनीसावर. जाडा, घामाघूम, चौकड्यांच्या कोटातला तो माणूस स्वतःच्याच कपाळावर सरकवलेला चष्मा घरभर शोधायचा. खून कोणी केला यापेक्षा आज हा काय विसरणार, याचीच आम्हाला काळजी.

एका रविवारी दार उघडून मदतनीस आत आला आणि तो दुसराच माणूस होता. नाव तेच, कोट तोच, चष्मा तोच. हा मात्र उंच आणि हडकुळा, त्यामुळे जाड्याच्या मापाच्या कोटाचे खांदे याच्या दंडापर्यंत उतरले होते. डिटेक्टिव्हनं त्याला नेहमीच्याच सुरात कालचा कागद मागितला, जसं काही घडलंच नाही. पडवीत एकच गलका झाला. माझ्या आईनं तर कोणाला तरी कौलांवर चढून अँटेना फिरवायला सांगितलं. तिला वाटलं, माणूस जागेवर येईल.

त्यानंतर आम्ही मालिका बघणं सोडलं आणि तुलना करणं धरलं. जुना कसा धापा टाकायचा, नव्याला साधं ठेचकाळतासुद्धा येत नाही. जुना शेंगदाणे खाताना फोलपटं खिशात ठेवायचा, हा खाली टाकतो. गावचा शिंपी म्हणायचा, "जुनं ते सोनं." मी म्हणायचे, "नव्याचे नऊ दिवस असतात, ह्याला बिचाऱ्याला तेही मिळाले नाहीत." लोक हसायचे. लोक हसले की मला आणखी सुचायचं. शेवटी शेवटी तर मी भावाचा जुना कोट अंगात घालून, मान लांब करून त्या नव्याची नक्कल करू लागले. आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्षही यायचे. त्यांची खुर्ची टीव्हीच्या अगदी पुढ्यात असे आणि त्यांना मागचं दिसायचं नाही, म्हणून नक्कल मी त्यांच्यासमोर जाऊन करायची.

उंबऱ्याशी आमचे शेजारी बसायचे. मी त्यांना काका म्हणत असे. नऊ वर्षं ते मुंबईत कापडगिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे मागांवर, पण बदली कामगार म्हणून. कायम कामगाराचा खाडा पडला तरच बदलीवाल्याला त्या दिवसाचं काम. रोज सकाळी पास घेऊन गेटवर उभं राहायचं आणि कोणाची जागा रिकामी राहते ते बघायचं. एकदा ते मला म्हणाले होते, "बाई, देवाला हात जोडतानाबी मनात यायचं, आज कोनीतरी आजारी पडूं दे. असली भक्ती." पुढे संप झाला. कायमवालेच रस्त्यावर आले, तिथं बदलीवाल्याला कोण विचारतो? ते गावाला आले.

आमच्या शाळेचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले आणि त्यांच्या जागी काकांना घेतलं. पुन्हा बदलीच. बदलीच्या माणसाला नवा गणवेश देत नाहीत, म्हणून मामांचाच खाकी सदरा त्यांना दिला होता. मामा अंगानं थोराड. काका बाह्या दुमडून दुमडून घालायचे. ते मी वर्षभर रोज बघत होते आणि त्या टीव्हीतल्या कोटाशी त्याचं काही नातं आहे हे माझ्या, मराठी शिकवणाऱ्या बाईच्या, ध्यानात आलं नाही.

शिक्षकांच्या खोलीतही तुलना चालायचीच. मामांची घंटा कशी गोड, असं सगळे म्हणत. खरं म्हणजे मामा तंबाखू मळून झाली की घंटा द्यायचे, त्यामुळे मधली सुट्टी पाच-सात मिनिटं सैल सुटायची. काकांना गिरणीच्या भोंग्याची सवय. त्यांची घंटा मिनिटावर. आमचा चहा अर्धाच राहायचा आणि आम्ही म्हणायचो, मामांची सर नाही.

तर एका रविवारी, नव्या मदतनीसाची यथेच्छ निंदा चाललेली असताना, उंबऱ्यावरून आवाज आला.

"नवा पन बरा हाय."

सगळ्यांनी माना वळवल्या. "काय बरं आहे त्यात, काका?" मी वर्गातल्या आवाजात विचारलं.

"खोलीतनं भायेर पडताना दिवा मालवतो. जुन्यानं कदी नाय मालवला." मग म्हणाले, "तुमी त्याचं काम बघतच नाय, बाई. त्याच्यात जुना शोधताय."

इतकं खरं बोलणं ऐकल्यावर शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "अहो काका," मी म्हणाले, "बदलीचा तो बदलीचाच!"

पडवी हसली. अध्यक्षांच्या हातातला चहा बशीत हिंदकळला. काकाही हसले, पण सगळ्यांच्या मागून, आणि ते मला दिसलं.

मी त्यांना उद्देशून म्हटलं नव्हतं. देवाशपथ, ते माझ्या डोक्यातच नव्हते. हा बचाव मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला ऐकवला. आता तो मला मूळ अपराधापेक्षाही वाईट वाटतो. ज्या माणसाच्या घंटेवर माझा दिवस चालत होता, तो दोन हातांवर बसलेला असताना माझ्या डोक्यात नव्हता.

मालिकावाल्यांना पत्र धाडायचं ठरलं. अर्थातच मी लिहिलं, चांगलं दोन पानी. 'हा बदली इसम काढून आमचा मूळचा माणूस आम्हांस परत द्यावा' असं त्यात एक वाक्य होतं. ते मी पडवीत दोनदा वाचून दाखवलं, कारण दुसऱ्यांदा वाचा असा आग्रह झाला. मग कागद सह्यांसाठी फिरला. काकांपाशी आला तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्याच्यानं काय व्हईल?"

"जुना परत येईल."

"आनि हा?"

"हा जाईल घरी," मी म्हणाले.

त्यांनी पेन हातात धरून ठेवलं. मागून शिंपी म्हणाला, "करा की वो लवकर." मग त्यांनी सही केली, पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं. सोमवारी शाळा सुटल्यावर मी मुद्दाम सावर्ड्याला चालत गेले आणि तिथल्या पेटीत पत्र टाकलं, कारण तिथून टपाल लवकर निघतं. असा माझा उत्साह.

पंधरा दिवसांनी शाळा समितीची बैठक झाली. मामांनी राजीनामा लिहून दिला होता आणि शिपायाची जागा कायम भरायची होती. अर्ज दोन. एक काकांचा आणि एक अध्यक्षांच्या मेव्हण्याच्या मुलाचा. शिक्षकांच्या वतीनं समितीत मी होते. मुख्याध्यापक सरळ माणूस. ते म्हणाले, ह्या गृहस्थांनी वर्षभरात एक खाडा केलेला नाही, कामाबद्दल तक्रार नाही, त्यांनाच घ्यावं. त्यावर अध्यक्ष माझ्याकडे बघून गालात हसले.

"आमच्या बाईंचं मत आम्ही ऐकलंय," ते म्हणाले. "बदलीचा तो बदलीचाच!"

सगळे हसले. आणि मी हसले.

भीतीनं हसले असते तर आज ते सांगायला सोपं गेलं असतं. मी भीतीनं हसले नाही. वाक्य माझं होतं, दुसऱ्याच्या तोंडून आलं तरी चांगलं वाजलं होतं, आणि म्हणून मी खुशीनं हसले. हसू ओसरल्यावर पाहिलं तर मुख्याध्यापक माझ्याकडेच बघत होते. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटत असावं. "ते मी टीव्हीतल्या माणसाबद्दल बोलले होते," एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. पण मग आपण आत्ता का हसलो, हे सांगावं लागलं असतं. मी बोटावरचा शाईचा डाग चोळत बसले. ठराव दोन मिनिटांत झाला.

शनिवारी संध्याकाळी काका अंगणात आले. मामांचा सदरा धुऊन, इस्त्री करून शाळेत दिला, किल्ल्या मुख्याध्यापकांकडे दिल्या, असं आईला सांगत होते. मी आतून ऐकत होते. बैठकीत काय झालं ते त्यांच्या कानावर गेलं नसेल असं होणार नव्हतं. गावात तेवढी गोष्ट लपत नाही. त्यांनी मला चार शब्द सुनावावेत असं मला वाटत होतं. निदान मग मला रडता तरी आलं असतं.

त्यांनी हाक मारली, "बाई, जरा येतां काय?"

मी पायरीवर आले. माफी मागायची असं ठरवूनच आले होते. ते अंगणातच उभे होते.

"त्या पत्राचं काय झालं? धाडलं काय?"

"का?" मी विचारलं.

"नसंल धाडलं तर माजी सही तेवडी खोडा. त्या दिवशी सगळ्यांच्या देखत माज्यानं नाय म्हनवलं नाय." बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, हातातली पिशवी घडी करत होते. "त्याच्या घरीबी कोन असंल. माज्या सहीनं कुनाचं काम जायला नको."

पत्र जाऊन तीन आठवडे होत आले होते.

"अजून नाही पाठवलं," मी म्हणाले. "खोडते."

"आत्ताच खोडा. ऱ्हाऊन जायाचं."

मी आत गेले. टेबलापाशी गेले, कशासाठी कोण जाणे पेनाचं टोपण काढलं, आणि तशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. सही खोडायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. मग टोपण लावलं आणि बाहेर आले.

"खोडली," मी म्हणाले.

"बरं झालं," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला, आणि ते मला प्रत्यक्ष बघावं लागलं. खोटं बोलल्यावर लगेच माफी कशी मागणार?

दुसऱ्या दिवशी रविवार. ते येतील असं मला वाटलं नव्हतं, पण आले आणि नेहमीच्या जागी उंबऱ्याशी बसले. अध्यक्ष त्यांच्या खुर्चीत होते. कोणीतरी मला नक्कल करायला सांगितलं. डोकं दुखतंय म्हटलं. पडद्यावर तो हडकुळा माणूस खोलीतून बाहेर पडला, पुन्हा मागे वळला आणि त्यानं दिवा मालवला. काकांनी एवढ्या माणसांतून माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, आपण दोघांनी त्याला वाचवलं अशी.

मीही हलवली.