वाळवंटातले थोरले दीर

सायकल शर्यत, चार जणांचा संघ, दोन दिवस, राजस्थानातलं वाळवंट; ठरल्या वेळेत पोचलं तर पदक. नियम एकच होता, घड्याळ थांबणार ते चौथा माणूस पोचल्यावर. हा नियम मी घरात सगळ्यांना तीनदा वाचून दाखवला होता. तरी आमचे चौथे म्हणून थोरले दीर आले.

त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मी, माझा नवरा आणि अंबडचे एक जनावरांचे डॉक्टर, असे आम्ही तिघं दर रविवारी वडीगोद्रीपर्यंत सायकल हाणत सराव करायचो. चौथा गडी गुडघ्यामुळं ऐनवेळी गळाला. ही बातमी केदारखेड्याला गेली आणि दुसऱ्याच दिवशी दीर सायकलीसकट जालन्यात आमच्या दारात. साखर वाढली म्हणून वर्षभरापूर्वी त्यांनी सायकल घेतली होती. वय अठ्ठावन्न.

"मी येऊन राह्यलो," म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

नवऱ्याला थोरल्या भावापुढं नाही म्हणता येत नाही. माझा तर प्रश्नच नव्हता, कारण आमच्याकडं थोरले दीर भावजयीशी थेट बोलत नाहीत. जे काय असेल ते नवऱ्याच्या मार्फत, मी हातभर अंतरावर उभी असले तरी.

पहिला दिवस जिऱ्यानं खाल्ला. रस्त्याकडेला जिऱ्याचं शेत दिसलं की दीर उतरायचे. पाणी कुठून आणता, फवारणी किती, भाव काय मिळतो. हिंदी मोडकीतोडकी, पण शेतकऱ्याशी गप्पा रंगायच्या. आम्ही तिघं उन्हात सायकली धरून उभे. मी घड्याळ बघितलं की ते नवऱ्याला म्हणायचे, "तिला सांग, जल्दी करून काय उपेग? शरीर बराबर राहिलं पाहिजे."

शरीर बराबर राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी समोरून वारा सुटला. नवऱ्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. डॉक्टरांचं पोट सकाळपासून बिघडलेलं. आणि दीर असे चालले होते की शेजारून चालणाऱ्या माणसानं त्यांना गाठलं असतं. शेवटचे पंचवीस किलोमीटर राहिले होते. दम शिल्लक होता तो फक्त माझ्यात.

डॉक्टर म्हणाले, "वैनी, तुम्ही दादांना ढकला. पाठीवर हात ठेवून. बाकीचे संघ तसंच करून राह्यले."

मग दीर म्हणाले, "न्हाई. बरं दिसतं का ते?"

आणि लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर मी त्यांच्याशी पहिल्यांदा थेट बोलले. "दादा, इथं बघायला आहे कोण?"

त्यांनी खरंच चारी दिशांना बघितलं. लांब एक म्हातारा शेळ्या चारत होता. "तो हाय की," म्हणाले.

मग त्यांनी स्वतःच तोड काढली. गळ्यातली दस्ती, घाम पुसायचा लांब रुमाल, माझ्या सीटखालच्या दांड्याला बांधली आणि दुसरं टोक मुठीत धरलं. मी नको म्हणत होते. दोन किलोमीटर कसंबसं गेलो. पुढं रस्त्यावर वाळू आली, मी ब्रेक दाबला, आणि दीर मागून माझ्या चाकावर आले. दोघंही आडवे. माझं कोपर सोललं, तोंडात वाळू.

पडल्या पडल्या ते नवऱ्याला म्हणाले, "तिला विचार, लागलं का."

"मलाच विचारा ना!" मी ओरडले. शेळीवाला म्हातारा उठून उभा राहिला.

दीर उठले, कपडे झटकले. सायकलीच्या चाकाकडं बघत म्हणाले, "लागलं का?"

"नाही. बसा आता."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट घामानं थबथबलेला, पाठ लाकडासारखी ताठ. काही वेळानं मला कळलं की मी ढकलतेय म्हटल्यावर त्यांनी पाय हलवायचेच सोडलेत.

"पायडल मारा, दादा!"

"मारून राह्यलो."

बिलकुल मारत नव्हते. माझा हात खांद्यापासून बधिर झाला. मधेच ते म्हणायचे, "डावीकडं खड्डा हाय, संभाळ." तेवढाच काय तो उपयोग.

आम्ही अकरा मिनिटं उशिरा पोचलो. टेबलावरचा माणूस पदकांची खोकी बंद करत होता. दीर त्याच्याशी भांडले, तुमचं घड्याळ पुढं हाय म्हणून. मी खाली बसले आणि मनात जिऱ्याची शेतं मोजली. पाच भरली. एक जरी कमी असतं तरी पदक गळ्यात होतं.

परतताना मी नवऱ्याला बजावलं, ढकलायची गोष्ट घरी काढायची नाही. आठवड्यानं केदारखेड्याला सगळे जेवायला बसले, आणि दिरांनीच ती काढली. कुठं पडलो, कसं उठलो, किती किलोमीटर हात पाठीवर होता, सगळं.

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "पाठीला हात लावला हिनं?"

"मंग? सोडून आली असती का मला वाळूत?"

बायका माझ्याकडं बघत राहिल्या. चुलतसासूबाईंनी पदर सारखा केला. मला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता. दिरांना त्याचा पत्ताच नव्हता. ते पुढं जिऱ्याच्या भावावर बोलायला लागले होते. थोरल्या जाऊबाईंनी, त्यांच्याच बायकोनं, मात्र हसू दाबत ठेच्याची वाटी माझ्याकडं सरकवली.