इनासच्या चाकाला खडू

सायकलच्या दुकानात किस्से मडगार्डखालच्या मातीसारखे साचतात. आज खरवडून काढा, उद्या पुन्हा तेवढेच.

डिचोलीच्या बाजारातलं हे दुकान माझ्या मामाचं. मी परदेशात इंजिनिअरिंग शिकले आणि जग सायकलच वाचवणार, हे पक्कं ठरवून परत आले. आल्या आल्या मामाला सांगितलं, "पातळ रिमा बंद. दुहेरी भिंतीच्या, छत्तीस तारांच्या अॅल्युमिनियमच्या ठेवू."

मामा म्हणाला, "बाये, तुझ्या कॉलेजात सुर्ल्याचा खड्ड्यांचा रस्ता होता?"

शेवटी पैज लागली. घरोघर पाव विकणाऱ्या इनास पोदेराच्या सायकलला मागचं चाक माझ्या रिमेचं. गणपतीच्या चवथीपर्यंत त्याला खडू लागला नाही, तर दुकानात माझ्या रिमा. लागला, तर मी मुकाट्याने बंगळूरच्या नोकरीवर.

खडू ही मामाची प्रयोगशाळा. चाक फिरवायचं आणि रिमेपासून केसभर अंतरावर खडू धरायचा. चाक जिथे वाकडं, तिथे पांढरी रेघ.

*

कारापूरचे एक मास्तर वाकलेली रिम घेऊन आले. मी वही उघडून विचारलं, "कॅरिअरवर काय नेता?"

"काही नाही. गॅसचा सिलिंडर, तोही रिकामा."

"आणि येताना?"

"येताना भरलेला. पण येताना उतार आहे ना."

*

सुर्ल्याच्या एका ट्रक ड्रायव्हरने माझी रिम एका बोटावर उचलली. "एवढी हलकी? ही काय टिकणार?"

मला राहवलं नाही. रिम उभी धरली, तिच्यावर चढले, भाषण सुरू केलं आणि घसरून पडले. पाय मुरगळला.

त्याने रिम उचलून डोळ्यासमोर धरली, शांतपणे फिरवून पाहिली. "रिम मजबूत आहे. पाय तेवढा बदलून घे."

*

इनास रोज सकाळी पावाचा भोंगा वाजवत यायचा आणि मामा कानामागचा खडू काढायचा. रेघ नाही. मग पाव उशिरा यायला लागले, तेव्हा कळलं की माझी बंगळूरची नोकरी टळावी म्हणून इनास खड्डा आला की सायकल उचलून घेतो!

मी रागावले. "इनासबाब, ही फसवणूक. खड्ड्यातूनच न्यायची."

दुसऱ्या दिवशी तो घामाघूम होऊन आला. "एकही सोडला नाही, बाय. दोन तर परत जाऊन घेतले."

रेघ नाही. मामाने खडू पुन्हा कानामागे खोचला आणि कोंड्याच्या पावाच्या चार पोया जास्त घेतल्या.

*

चवथीच्या आदल्या दिवशी मामा गणपती आणायला नार्व्याला निघाला. चाळीस वर्षं तो मूर्ती आपल्या सायकलवर ठेवून, शेजारून चालत, धरून आणतो. दुसऱ्या कुणाच्या सायकलवर त्याचा विश्वास नाही.

यंदा त्याची सायकल दाराशीच राहिली. "इनासची आण," म्हणाला.

पावाच्या पाटीत नवं धोतर अंथरलं, मूर्ती बसवली, वर वस्त्र झाकलं. सगळे खड्डे पार पडले. घराजवळ रस्त्यात गुरं बसली होती, म्हणून मामाने इनासचा भोंगा वाजवला.

चार घरांची दारं उघडली. शेजारची म्हातारी काकी पिशवी पुढे करत आली. "चार पोयो दी रे, इनास."

मामा मान न वळवता म्हणाला, "आज पाव नाही, काकी. देव आहे."